विंचवाचे बिऱ्हाड आणि अहिवाऱ्याचा मुक्काम

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' या म्हणीचा अर्थ बँकेत नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दर तीन-चार वर्षांनी ट्रंका, गाद्या आणि भांडी ट्रकमध्ये चढवायची, मुलांचे शाळेचे दाखले काढायचे आणि नव्या गावी दुधवाल्यापासून सुरुवात करायची, हा क्रम आमच्यापैकी बहुतेकांच्या अंगवळणी पडलेला असतो. निवृत्तीनंतर बिऱ्हाड एका जागी स्थिरावले, तेव्हा ही म्हण आपल्यापुरती संपली असे मला वाटले होते. परंतु डिसेंबर 2023 मध्ये तिचा अगदी शब्दशः प्रत्यय यायचा होता.

निमित्त होते आईचे. माझे वडील भिलाई पोलाद कारखान्याच्या नंदिनी येथील चुनखडीच्या खाणीत नोकरीला होते. 1962 साली लग्न होऊन आई तेथे गेली आणि 1971 मध्ये वडिलांनी नोकरी बदलल्यावर आम्ही नागपूरला आलो. आईच्या संसाराची पहिली नऊ वर्षे त्या वसाहतीत गेली. वडील गेल्यानंतर तिने एकच इच्छा अनेकदा बोलून दाखवली होती : ''एकदा नंदिनीचे क्वार्टर पाहून यायचे आहे रे.'' पण आईचे वय एक्क्याऐंशी, गुडघे निकामी, मधुमेहासाठी दिवसातून दोनदा इन्सुलिन. आगगाडीचे जिने आणि रस्त्यावरची स्वच्छतागृहे यांच्या भीतीने तो बेत दरवर्षी पुढे जात होता.

चाकांवरचे घर

या अडचणीतून वाट काढली माझ्या भाच्याने. त्याने मिनीबसच्या सांगाड्यावर एक चाकांवरचे घर बांधून घेतले आहे. इंग्रजीत ज्याला मोटरहोम किंवा कॅराव्हॅन म्हणतात, तेच हे वाहन. आत दोन पलंग, छोटा ओटा, बेसिन, शौचालय, पाण्याची टाकी आणि लहानसा फ्रीज. इंजिनाची बॅटरी वेगळी आणि घरातील दिवे, पंखा व फ्रीज यांची बॅटरी वेगळी. या दुसऱ्या बॅटरीचे महत्त्व आम्हांला पुढे कळायचे होते.

ही कल्पना तशी जुनी आहे. केवळ हौसेच्या भटकंतीसाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून 'वाँडरर' या घोडागाडीचे नाव घेतले जाते. 1885 साली स्कॉटिश डॉक्टर व लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी ती इंग्लंडमध्ये बांधून घेतली होती. आपल्याकडे बंजाऱ्यांचे तांडे शतकानुशतके संसार बैलांवर लादून हिंडत आले, पण ते पोटासाठी. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ज्येष्ठ नागरिकांसाठी तर हे वाहन म्हणजे वरदानच होय. थकवा आला की आडवे होता येते आणि औषधांचा फ्रीज हाताशी राहतो.

भाच्याने किल्ली हाती ठेवली. आई, पत्नी आणि मी असे तिघे पहाटे सहा वाजता नागपूरहून निघालो. बेत मोठा होता. दुपारी तीनच्या सुमारास नंदिनीला पोहोचायचे, आईला क्वार्टर दाखवायचे, तसेच पुढे अहिवारा, बेमेतरामार्गे रात्री कवर्धा गाठायचे आणि दुसऱ्या दिवशी भोरमदेवचे अकराव्या शतकातील शिवमंदिर पाहायचे. कवर्ध्याच्या विश्रामगृहाचे आगाऊ पैसे भरलेले होते. एका दिवसाच्या पानावर इतक्या नोंदी कोंबल्या की त्यांतील एखादी चुकणारच, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला कळायला हवे होते.

एका रुपयाचा फरक

भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडली तेव्हा नदीवर धुके होते. साकोलीच्या पुढे रस्त्याकडेला गाडी लावून आम्ही न्याहारीला थांबलो. निघताना आई हाताला धरून पायरी चढत होती. तिचे लक्ष गाडीखाली गेले.

''अरे, खाली पाणी सांडतंय. गुलाबी दिसतंय.''

''बेसिनचं असेल, आई. चल, उशीर होतोय.''

''बेसिनचं पाणी गुलाबी कसं असेल?''

मी उत्तर दिले नाही. फार तर आठ-दहा थेंब होते. खाली वाकून पाहायला एक मिनिट लागले असते.

वाचकहो, ज्या काळी हिशेब हाताने लिहिले जात, त्या काळी मी बँकेत लागलो. दिवसअखेर एका रुपयाचा फरक निघाला तरी शाखेतील कोणी घरी जात नसे. नव्याने लागलेल्या मुलांना वाटे, खिशातून रुपया टाकून मोकळे व्हावे. तेव्हा आमचे अकाउंटंट समजावीत की प्रश्न रुपयाचा नाही. एका बाजूला दहा हजार एक आणि दुसऱ्या बाजूला दहा हजार, अशा दोन चुका एका रुपयामागे लपलेल्या असू शकतात. ही शिकवण मी पुढे कित्येकांना दिली. आणि त्या सकाळी, गाडीखालचे आठ-दहा थेंब मी खिशातून रुपया टाकावा तसे मिटवून टाकले.

देवरीच्या पुढे चढ लागला तेव्हा इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीपेक्षा थोडा वर होता. चढ आहे, असे मी मनाशी म्हणालो. बाघनदी ओलांडून छत्तीसगडात शिरलो. एक वाजता राजनांदगाव आले. मराठी घरात जन्मून हिंदीचे श्रेष्ठ कवी ठरलेले गजानन माधव मुक्तिबोध येथल्याच दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत असत. पत्नीला ते ठिकाण पाहायचे होते. ''येताना पाहू,'' असे म्हणून मी गाडी पुढे काढली. दुर्ग, भिलाई मागे पडले. काटा आता स्पष्टपणे वर होता. डिसेंबरची थंड हवा असताना तो वर का, हा साधा प्रश्नही घाईत पडला नाही.

पंधरा मिनिटांची नंदिनी

भिलाईचा कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिला. 1955 मध्ये त्याचा करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीला लोहखनिज दल्ली-राजहऱ्याहून येई आणि चुनखडी नंदिनीहून. खनिजातील वाळूसारखा अनावश्यक भाग चुनखडी आपल्यात ओढून घेते आणि त्याची मळी होऊन वेगळी निघते. चुनखडीवाचून शुद्ध लोखंड हाती लागत नाही. वडील अभिमानाने सांगत, ''लोखंड राजहऱ्याचं खरं, पण त्याला धुऊन काढतो आम्ही नंदिनीवाले.''

जामुलमार्गे नंदिनीला पोहोचलो तेव्हा पावणेचार वाजले होते. आईला क्वार्टरची ओळ आठवत होती, पण वसाहत बदललेली होती. एका ओळीपाशी ती थबकली. ''हीच असावी. नाही, ते आंब्याचं झाड...'' ती काठी टेकत चार पावले पुढे गेली, परत आली. मी दोनदा घड्याळ पाहिले. कवर्धा अजून शंभरएक किलोमीटर दूर होते आणि अनोळखी रस्त्यावर रात्रीची गाडी चालवायला मी कचरत होतो. ''आई, अंधार पडेल,'' मी म्हणालो. ती काही न बोलता गाडीकडे वळली. बावन्न वर्षांनंतरच्या त्या भेटीला मी मोजून पंधरा मिनिटे दिली.

काटा खाली आला तेव्हा

नंदिनी सोडल्यावर थोड्याच वेळात एक चमत्कार घडला. सकाळपासून वर चढलेला तापमानाचा काटा एकाएकी खाली आला. मला हायसे वाटले. पत्नीला मी म्हणालोसुद्धा, ''बघ, आपोआप जाग्यावर आला.''

पुढच्या चार-पाच मिनिटांत इंजिनाचा जोर गेला. समोरून गोडसर, जळकट वास आला, पट्टा किंचाळल्यासारखा आवाज झाला आणि बॉनेटच्या फटींतून वाफेचे लोट निघाले. रस्ता अहिवारा गावात शिरत होता. धानाची पोती भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग मागून येत होती. गाडी कशीबशी कडेला घेतली, तोच ट्रॅक्टर दुरुस्तीच्या एका छपरीतून तिशीतला एक मिस्त्री हात हलवीत धावत आला. ''पहले बंद करो! इंजन बंद करो, साहब!''

मी इंजिन बंद केले आणि घाईघाईने पाण्याचा कॅन घेऊन खाली उतरलो. त्याने माझ्या हातातून कॅन काढून घेतला. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरसारखे असते. आतील पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, मात्र झाकण उघडताच दाब सुटतो आणि उकळता फवारा तोंडावर येतो. शिवाय तापलेल्या धातूवर थंड पाणी पडले तर इंजिनाला तडा जाऊ शकतो. त्याने तासभर कशालाही हात लावू दिला नाही.

इंजिन निवल्यावर त्याने विजेरी घेऊन खाली पाहिले आणि दोन मिनिटांत निदान केले. इंजिनात सतत पाणी खेळते ठेवणारा जो वॉटर पंप असतो, त्याचे बेअरिंग झिजले होते. त्यामुळे पंपाचा दांडा हलू लागला, त्याच्या सीलमधून गुलाबी रंगाचे कूलंट थेंब थेंब गळत राहिले आणि शेवटी पट्टाही फाटत आला. साकोलीला आईने पाहिलेले थेंब ते हेच.

''मग काटा खाली कसा आला?'' मी विचारले.

तो हसला. तापमान मोजणारे यंत्र पाण्यात बुडालेले असते. पाणीच संपले की ते पाण्याचे तापमान मोजणार कसे? मी ज्याला सुधारणा समजलो, ती प्रत्यक्षात धोक्याची शेवटची सूचना होती.

त्या क्षणी मला आमचा ट्रायल बॅलन्स आठवला. दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब बरोबर आहे असे सिद्ध होत नाही, कारण एक चूक दुसरीला झाकू शकते. बँकेच्या परीक्षेत मी हे उत्तर लिहून गुण मिळवले होते.

दाई

खरी चिंता निराळीच होती. डिझेल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो, तिसरा धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला तिसरा हिस्सा पाण्याने बाहेर वाहून न्यायचा असतो. पाणी नसताना मी काही मिनिटे गाडी चालवली होती. तेवढ्यात इंजिनाचे हेड वाकले असेल किंवा गॅस्केट उडाली असेल, तर खर्च कित्येक पटींनी वाढणार होता. मिस्त्रीने ऑइलची सळई काढून विजेरीखाली धरली. ऑइलमध्ये पाणी मिसळले तर ते दुधाळ दिसते. येथे ते काळेच होते. ''उम्मीद है,'' एवढेच तो म्हणाला. खात्री पंप बसवून इंजिन चालू केल्यावरच होणार होती आणि नवा पंप भिलाईच्या बाजारातून दुसऱ्या दिवशी सकाळी आणावा लागणार होता.

एवढ्यात आई पायरीवर येऊन बसली होती. मिस्त्रीने तिला नमस्कार केला आणि छत्तीसगढीत विचारले, ''तुमन कहाँ ले आय हव, दाई?''

नागपूरला आल्यापासून आईच्या तोंडून ती भाषा आम्ही क्वचितच ऐकली होती. ती सहज म्हणाली, ''हमन नंदिनी म रहत रेहेन, बेटा.''

त्या एका वाक्याने सारे चित्र पालटले. छपरीसमोर माणसे गोळा झाली. कोणाचे आजोबा खाणीत होते, कोणाचे काका स्फोटाच्या पाळीवर. गाडी चौघांनी ढकलून छपरीलगत घेतली. ''संसो झन करव, दाई,'' असे सांगून मिस्त्री घरी गेला आणि काळजी करू नका म्हणणाऱ्या त्या माणसाच्या घरून रात्री गरम भात आणि डाळ आली. आईने डब्यातले डिंकाचे लाडू पाठवले.

रात्री थंडी पडली. मला झोप लागेना. इंजिन मेले होते, पण घराची बॅटरी स्वतंत्र असल्यामुळे आतला मंद दिवा जळत होता आणि फ्रीजमध्ये इन्सुलिन सुरक्षित होते. मी अंथरुणावर उठून बसलो, तर आई जागीच होती.

''गाडीचं कायमचं काही झालं असेल का रे?''

''माहीत नाही, आई. तू सकाळी सांगितलंस तेव्हा मी बघायला हवं होतं.''

थोड्या वेळाने ती म्हणाली, ''क्वार्टर तेच होतं. आंबा मागच्या अंगाला होता. मी पुढून शोधत होते.''

त्यावर मला काही बोलता आले नाही.

दुसरा दिवस

सकाळी मिस्त्रीच्या घरून तांदळाच्या पिठाचे चीले आणि पताल, म्हणजे टोमॅटोची, चटणी आली. पंप आणायला तो शेजाऱ्याच्या जीपने निघाला होता. भिलाईची वाट नंदिनीवरूनच जाते हे लक्षात येताच त्याने स्वतःहून विचारले, ''दाई को ले चलूँ? लौटते समय वापस ले आऊँगा.''

आई आणि पत्नी त्याच्याबरोबर गेल्या. मी गाडीपाशी थांबलो. पुढचे पत्नीकडून कळले. मागच्या अंगाने गेल्यावर आंबा सापडला. तेथे राहणाऱ्या कुटुंबाने खुर्ची बाहेर आणून दिली. आई तेथे दोन तासांहून अधिक वेळ बसली. चुलीची जागा कोठे होती, नळाला पाणी किती वाजता येई, वडील पाळीवरून आले की पांढऱ्या धुळीने भरलेली चप्पल कोठे झटकीत, हे सारे तिने त्या घरच्या सुनेला दाखवले. खाणीच्या सोडून दिलेल्या भागात आता झाडे लावून मोठे वन उभे केले आहे, हे ऐकून तिला आनंद झाला. परत येताना तिच्या पिशवीत चुनखडीचा एक खडा होता.

साडेअकराला नवा पंप आणि पट्टा आला. जुना पंप काढताना त्याचे बेअरिंग हातात खुळखुळले. तासाभरात नवा बसला, कूलंट भरले आणि मिस्त्रीने मला चावी फिरवायला सांगितले. इंजिन चालू झाले. तो बराच वेळ रेडिएटरच्या उघड्या तोंडात पाहत राहिला. गॅस्केट गेली असती तर तेथे सतत बुडबुडे आले असते. सुरुवातीचे चार-दोन आले आणि थांबले. काटा मधोमध येऊन स्थिर झाला. त्या काट्याकडे मी यापूर्वी कधी इतक्या कृतज्ञतेने पाहिले नव्हते.

पंप, पट्टा, कूलंट आणि मजुरी मिळून बिल चार हजारांच्या आत आले. रात्रीच्या आणि सकाळच्या जेवणाचे पैसे त्याने घेतले नाहीत. छपरीच्या खांबावर क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला होता. रक्कम तत्क्षणी त्याच्या खात्यावर गेली. पूर्वी परगावी अशी वेळ आली तर खिशातील रोकड पुरेल का, हीच पहिली धास्ती असे.

कवर्ध्याचे आगाऊ पैसे बुडाले. पण दुपारी निघून सायंकाळच्या आत भोरमदेव पाहिले आणि परतीच्या वाटेवर, कबूल केल्याप्रमाणे, राजनांदगावलाही थांबलो.

बर्था बेंझची टोपीतली पिन

घरी आल्यावर मोटारीच्या इतिहासातील एक हकिकत पुन्हा वाचली. ऑगस्ट 1888 मध्ये कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था यांनी दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेली मोटारगाडी मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, सुमारे 105 किलोमीटर, एका दिवसात नेली. माहेरी आईला भेटायला जायचे, हे निमित्त. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो हाच. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपले तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतले. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. इंजिन थंड ठेवण्यासाठी तर जागोजागी पाणी भरावे लागत होते.

आमच्या प्रवासाशी ताडून पाहिले तेव्हा फरक जाणवला. बर्था बेंझ यांनी प्रत्येक अडचण जेथे दिसली तेथे थांबून सोडवली. मी तिला पुढच्या थांब्यापर्यंत नेत राहिलो.

निघण्यापूर्वी

अनुभवाच्या आधारे वाचकांसाठी चार गोष्टी नमूद करतो.

वाहन निवडताना त्याचा सांगाडा सर्वत्र चालणाऱ्या मिनीबसचा आहे ना, हे पाहावे. आमचा पंप दुसऱ्या दिवशी मिळाला, कारण त्याच जातीच्या शाळेच्या बसगाड्या आणि रुग्णवाहिका भिलाईत धावतात.

प्रत्येक थांब्यावर निघण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाहावे. रंगीत थेंब हे पाणी नव्हे. काटा वर चढला तर गाडी थांबवावी, आणि कारण नसताना खाली आला तर अधिकच तातडीने थांबवावी.

वाहन विम्याची पॉलिसी नीट वाचावी. नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई मिळत नाही, आणि बिघाड कळूनही वाहन चालवत राहिल्याने झालेले पुढचे नुकसान तर मालकाच्याच माथी येते. वाटेतील मदतीचे पूरक संरक्षण थोड्या हप्त्यात मिळते. राष्ट्रीय महामार्गावर 1033 या क्रमांकावर मदत मागता येते, पण आडवाटेला लागल्यावर आपला आधार आपणच असतो.

आणि शेवटची गोष्ट. एका दिवसाच्या पानावर एकच महत्त्वाची नोंद ठेवावी. आम्ही नंदिनीसाठी निघालो होतो. कवर्धा ही जोडनोंद होती आणि मी तिच्यासाठी मूळ नोंद पंधरा मिनिटांत उरकली. ती चूक दुरुस्त झाली, पण त्याचे श्रेय माझ्याकडे जात नाही. ते झिजलेल्या बेअरिंगकडे आणि अहिवाऱ्याच्या त्या मिस्त्रीकडे जाते.

चुनखडीचा तो खडा आता देवघराशेजारी वडिलांच्या फोटोपुढे असतो. त्यानंतर भाच्याची गाडी आम्ही आणखी दोनदा नेली. आई बरोबर येते, पलंगावर पाय पसरून बसते आणि मी चावी फिरवण्यापूर्वी न चुकता विचारते, ''खाली वाकून बघितलंस का रे?''

मी उतरतो आणि वाकून बघतो.